खेकड्याच्या रक्तातले गवंडी

बसलिंगअप्पा मास्तरांवर अन्याय झाला. गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, भरल्या वर्गात, आम्हा दिंद्रुडकरांच्या डोळ्यांदेखत. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांचं सूक्ष्मदर्शक कपाटात घालून सील ठोकलं आणि मास्तरांना घरी बसवलं. दिवाळीनंतर तापानं ते गेले. निरोप आला तेव्हा मी चळवळीची पत्रकं वाटत होतो... उरलेली तिथंच ठेवून निघालो.

मास्तर परळीच्या दुकानदार लिंगायत घरातले. खेकडा खाणं सोडाच, शिवणंही पाप. पण पाय तुटलेला खेकडा ओढ्याच्या घाणीत सडत कसा नाही, या एका प्रश्नानं त्यांना पछाडलं होतं. रक्ताचा थेंब काचेवर घ्यावा, तर दिसायचा नुसता गोळा. दोन उन्हाळे असेच गेले. कारण काय, तर घरच्या सवयीनं मास्तर त्या थेंबावर शुद्धीसाठी आधी विहिरीचं पाणी शिंपडायचे! बिळातले खेकडे धरून आणणारी धुरपताबाई पोट धरून हसली. "खात न्हाई तर धरता कावून मास्तर? अन् पाणी कावून वतता? चिमूटभर मीठ तरी टाका, रस्सा समजून!"

साध्या पाण्यानं रक्तातल्या पेशी फुटत होत्या; मिठाच्या पाण्यात त्या फुटेनात. मास्तरांनी मला दंडाला धरून ओढलं, "बघ बे, हालायलेत!" निळसर थेंबात दाणेदार ठिपके सरकत होते. मग त्यांनी एका खेकड्याच्या पायात बाभळीच्या काट्याचं टोक रुतवलं. दोन दिवसांनी पाहिलं, तर काट्याभोवती पेशींचे थरावर थर, काळपट गाठ झालेली.

"शिपाई हायत का?" मी विचारलं. मला तेव्हा जिथंतिथं लढाईच दिसायची.

"न्हाई बे, गवंडी. बारीक दुष्मन गिळतेत, मोठा असला की भिंतीत चिणतेत."

काय दुपारी होत्या त्या! गुडघाभर चिखल, मास्तरांचं खोचलेलं धोतर, आणि सूक्ष्मदर्शकात बघायला पोरांची रेटारेटी...

शेवटचा भेटलो तेव्हा ते खाटेवर होते. "मला काढलं त्याचं काई न्हाई. पोरांना आता कोण दाखवील?" एवढंच बोलले.

मास्तरांनी खेकडे आणून 'शाळा बाटवली' हे साहेबांना स्वप्नात दिसलं नव्हतं. अर्ज गेला होता. सह्या परळीच्या भाऊबंदांच्या, दिंद्रुडच्या प्रतिष्ठितांच्या; म्हणजे हे वाचणाऱ्या तुमच्याच. समाचाराला आलात, डोळे पुसलेत, लई भलं वागलात. आता कचेरीत जा, कपाटाचं सील काढा, पोरांना पुन्हा बघू द्या असं स्वतःच्या हातानं लिहा, आणि तो अर्ज मागे घ्या.