पट्ट्या वाढल्यात

आमच्या घरात एक विनोद आहे. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं होऊन चार माणसं निवांत बसली की कोणीतरी तो काढतं — आणि सांगायला मलाच बसवतात, कारण मी तो सगळ्यांत चांगला सांगते. तो विनोद खोटा आहे. हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. मिस्टरांना नाही, मुलीला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका — मलाही नीटसं ठाऊक नाही.

आधी विनोद ऐका, म्हणजे पुढचं कळेल.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, इंदापूरकडच्या एका वाडीवर राहायच्या. सोबत धाकटा दीर. पण हंगाम सुरू झाला की तो कारखान्यावर, म्हणजे आत्या एकट्याच. मी बारामतीला, जळोचीत. कॉलेजच्या पोरांसाठी मेस चालवते. आत्यांना शुगर आहे, रोज इन्शुलिन घ्यावं लागतं. बोट टोचून शुगर बघायचं मशीन त्यांना एका शिबिरात फुकट मिळालं होतं. मशीन फुकट मिळतं, पट्ट्या मिळत नाहीत. आणि एका मशीनची पट्टी दुसऱ्या मशीनला चालत नाही, हे शिबिरात कोणी सांगत नाही. त्या मशीनच्या पट्ट्या वाडीत सोडा, इंदापुरातही मिळेनात. बारामतीत एक मेडिकलवाला मागवून द्यायचा. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. डबी घ्यायची, स्टँडवर जायचं, इंदापूरच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायची. पुढे कोणी वाडीवरचं बाजाराला आलेलं असलं की ते घेऊन जायचं.

तर एकदा आत्यांचा फोन आला. म्हणाल्या, "पट्ट्या वाढल्यात बग."

आत्या जुन्या वळणाच्या. मीठ संपलं असं त्यांनी जन्मात म्हटलं नव्हतं. मीठ वाढलं. तेल वाढलं. हातातली बांगडी फुटली तरी ती वाढली. 'संपलं' म्हटलं की घरातली बरकत जाते, म्हणून उलटं बोलायचं. पट्ट्याही त्यांनी त्याच पंगतीत बसवलेल्या. आणि मी पडले भोसरीच्या कामगार वसाहतीत लहानाची मोठी झालेली सून. मला वाटलं, पट्ट्या जास्त झाल्या, शिल्लक पडल्यात. मी म्हटलं, "बरं झालं की आत्या, मग घाई नाही." आणि डबी पाठवलीच नाही.

इथं सगळे हसतात. दीर दर वेळी म्हणतो, "वहिनीला दिवा वाढवा म्हणू नगा, आजून दोन वाती लावंल." मग पुन्हा हसतात. आत्याही हसतात.

आता खरं सांगायचं. एकदम नाही सांगता येत — जरा मागून सुरू करते.

वाडीजवळच्या उपकेंद्रात शुगर बघायच्या पट्ट्या कधी असायच्या, बऱ्याचदा नसायच्या. पुढच्या आठवड्यात या, म्हणायचे. मग बायका आत्यांच्या ओट्यावर यायच्या. कोणाला चक्कर आली, ये बस, टोच. कोणाच्या नवऱ्याला सारखं लघवीला जावं लागतंय, आण त्याला पण. पुढे पुढे तर चहाला आलेल्या पाहुण्याचंही बोट सुटेना. एकदा मी गेले तेव्हा शेजारच्या शांताकाकू हात पुढे करून, डोळे मिटून बसल्या होत्या, आणि आत्या त्यांना दटावत होत्या, "हलू नगंस. सुई हाय, नांगर न्हाय."

मलाही हसू आलं असतं. पण ती डबी मी आणलेली होती. दोनदा हेलपाटा घालून, मेसचा स्वयंपाक सांभाळून. मी म्हटलं, "आत्या, ह्या पट्ट्या औषधाच्या आहेत, प्रसादाच्या नाहीत."

"अगं, दारात आल्याला माणूस न्हाय म्हणून कसा घालवायचा?" त्या म्हणाल्या.

मी विषय सोडला. पटलं म्हणून नव्हे. मेस चालवणारी बाई आहे मी. एकाला भाजीची जास्तीची वाटी दिली की दुसऱ्या दिवशी सगळी पोरं वाटी पुढे करतात, हे मला पाठ आहे. माणसाला शिस्त लावायची तर बोलून उपयोग नसतो. एकदा अडू द्यावं लागतं. हे मी पोरांच्या बाबतीत करत आले होते, आणि ते लागूही पडत होतं.

आणि मग तो फोन आला.

माझी आजी जुन्नरकडची. भोसरीच्या त्या दोन खोल्यांतही तिचं बोलणं सुटलं नव्हतं. "मीठ वाढलंय, पळ, घेऊन ये," असं म्हणून ती मला दुकानात पिटाळायची. 'वाढलं' म्हणजे काय, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून कळतं. हे सासरी कोणी कधी विचारलं नाही. शहरातली आहे, तिला काय कळणार, असं सगळ्यांनीच ठरवलं होतं. ते मला आयतं मिळालं.

आत्या म्हणाल्या पट्ट्या वाढल्यात, आणि मला कळलं की पट्ट्या संपल्या आहेत. त्याच क्षणी कळलं. नवी डबी फडताळात होती — फोन कानाला लावून मी तिच्याकडेच बघत होते.

आणि मी म्हटलं, "बरं झालं की आत्या."

रागाच्या भरात म्हटलं का? नाही. राग नव्हता. चांगल्या शांत डोक्यानं म्हटलं. पलीकडे त्या थांबल्या. त्या का थांबल्या तेही मला माहीत होतं. आता सरळ बोलायचं तर 'संपल्या' म्हणावं लागणार, आणि तो शब्द त्या तोंडातून काढणार नाहीत. मी त्यावरच तर विसंबले होते. "बरं, बरं. बग सवडीनं," त्या म्हणाल्या. अजूनही मला बोलता आलं असतं. पण दारात कांद्याची गोणी आली होती, ती उतरवून घ्यायला मी गेले. चार-आठ दिवस अडू दे, म्हटलं. मग जपून वापरतील.

त्यांनी पुन्हा फोन केला नाही. सुनेकडे एकदा मागितलं, तेवढं पुरे, असा स्वभाव. अंदाजानं चालवत राहिल्या. एका सकाळी त्यांचं डोकं जड झालं, अंगाला घाम सुटला. त्यांना वाटलं, शुगर चढली. पट्टी असती तर बघितलं असतं. नव्हती — म्हणून इन्शुलिन थोडं जास्त घेतलं, आणि चढलीच आहे तर खायला नको म्हणून भाकरी झाकून ठेवली. शुगर चढली नव्हती. उतरली होती. म्हशीला पेंड घालायला गेल्या आणि गोठ्याच्या दारातच कोसळल्या. शांताकाकूंनी बघितलं, तोंडात साखर घातली, लोकांना हाका मारल्या. म्हणून जीव वाचला. खुबा मोडला.

ऑपरेशन बारामतीत झालं. त्यानंतर आत्या वाडीवर राहायला गेल्या नाहीत. म्हैस विकून टाकली. आता त्या आमच्या पुढच्या खोलीत असतात, वॉकर धरून मोरीपर्यंत जातात. रोज सकाळी मी त्यांचं बोट टोचते. ह्यात मी काही फार करते असं नाही. करायलाच हवं ते करते.

पण एवढ्यावर थांबले तर तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये मिस्टरांनी विचारलं, पट्ट्या कशा नव्हत्या? माझ्याकडे बघूनच विचारलं. मी म्हटलं, "त्या म्हणाल्या वाढल्यात. मला वाटलं भरपूर आहेत." किती सहज आलं ते तोंडातून — जसं काही आधीच शिजवून ठेवलं होतं. दीर दोन रात्री जागा होता. तो आधी नुसता बघत राहिला आणि मग हसू लागला. त्याला हसू आवरेना. मिस्टरही हसले. विनोद तिथं जन्मला. मीही हसले.

आत्या शुद्धीवर आल्यावर त्यांना कोणीतरी ते सांगितलं. त्यांनी मला कॉटजवळ बोलावलं. सगळे होते तिथं. माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, तुझी काय बी चूक न्हाय. माझंच बोलणं अडाण्याचं. मनाला लावून घिऊ नगंस."

मला काय म्हणता आलं असतं? पुष्कळ काही. मी म्हटलं, "जाऊ द्या आत्या. होतं असं. पुढच्या वेळी सरळ सांगत जा."

आत्यांनी मान हलवली. शाळेतली मुलगी हलवते तशी.

आणि त्या शब्दाला जागल्या. तेव्हापासून आमच्या घरात मीठ संपतं. तेल संपतं. देवापुढचं कुंकू संपतं. पहिल्या-पहिल्यांदा म्हणताना त्यांची जीभ अडायची. आता अडत नाही.

परवा शांताकाकू बारामतीला आल्या होत्या, आत्यांना भेटायला घरी आल्या. दोघींच्या गप्पा चालल्या होत्या. मी आत चहा ठेवत होते. आत्यांनी हाक दिली, "सूनबाई, पट्ट्या संपल्या गं."

शांताकाकू दचकल्या. "अगं बया, काय बोलतीस? संपलं म्हणूने घरात."

"आमच्या सुनंला तसलं कळत न्हाय," आत्या म्हणाल्या. "तिला सरळ सांगावं लागतं." मी तोवर चहा घेऊन बाहेर आले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "व्हय का न्हाय गं?"

मी म्हटलं, "हो." आणि शांताकाकूंच्या हातात कप दिला.