तेल जिरेपर्यंत

जगातल्या सगळ्या भानगडींचं मूळ कोरड्या कातडीत आहे असं मानणारी एकच बाई मला माहीत आहे, आणि ती नेमकी माझी थोरली जाऊ निघाली. नवरा-बायकोचं पटत नाही? दोघांच्या टाचा बघा. पोरगी अभ्यासाला बसत नाही? कोपराला हात लावून बघा, खरखरीत लागेल. तिचे वडील धुळ्याकडे एका वैद्यांकडे औषधं कुटायला होते. त्या खलबत्त्याशेजारी बसून कानावर पडलं तेवढंच तिचं शिक्षण. पण बोलायला लागली की वाटावं, वात-पित्त-कफ हे हिचेच तीन दीर आहेत आणि तिघांच्या खोड्या हिला पाठ आहेत. मला ती ‘धाकली’ म्हणते. "धाकली, तुझ्या डोक्यात पित्त आणि हातात वात. रागावतेस तेव्हा अंगातलं तेल जळतं तुझं." हे ती दहा बायकांसमोर सांगणार, आणि त्या दहा बायका माझ्याकडे पगाराला!

दिवाळी झाली की ती गावाहून सुरतेला यायची, नवागाममध्ये आमच्याकडे, थेट संक्रांतीपर्यंत. सुरतेची थंडी म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा. पण तिच्या हिशेबी इथला हिवाळा जास्त घातक, कारण तो दिसत नाही. सूर्य उगवायच्या आत सगळ्यांना रांगेत बसवायची. तिळाचं तेल, तेही थेट गॅसवर नाही, गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट केलेलं. आधी डोकं, कान आणि तळपाय, मग बाकीचं अंग, आणि मग अर्धा तास गप्प बसायचं. "जिरेपर्यंत उठायचं नाही." त्यानंतर मसुराचं पीठ आणि हळद लावून आंघोळ. पाणी कढत घेतलं की बाहेरून ओरडायची, "कातडी आहे ती, बटाटा नाही!" जेवताना भाकरीवर तूप नको म्हणालं तर, "थंडीत पोटातली आग मोठी असते. तिला तूप दिलं नाहीस तर ती तुलाच खाईल." एकदा मी तिला तेलाच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराशी भांडून, दोनदा पायरी उतरून, परत चढून मी भाव पाडला. तो बिचारा डबा बांधायला लागला, तेवढ्यात हिने तेलाचा थेंब बोटावर घेतला, डोळे मिटून नाकाशी नेला आणि म्हणाली, "मेलेलं आहे हे. चल." माझी अर्ध्या तासाची मेहनत एका श्वासात पाण्यात. नाकावर तिचा असा विश्वास होता, आणि खोटं कशाला बोलू, माझाही.

आता माझी तक्रार सांगते. मी घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापण्यापासून सुरुवात केली. आज लेस लावायचं, घडी घालायचं काम माझ्या घरातल्याच खोलीत चालतं. जे मिळवलं ते तोंडाच्या जोरावर. त्या वर्षी दोन महिने मी मार्केटमधल्या एका शेठच्या मागे लागले होते, सॅटिनच्या साड्यांसाठी. साधं काम हिवाळ्यानंतर आटतं. सॅटिन हाती आलं नसतं तर निम्म्या बायकांना घरी बसवावं लागलं असतं. शेठ कसाबसा तयार झाला : एक गठ्ठा नमुन्याला, शनिवारी स्वतः येऊन बघेन. अडचण एकच होती. दिवसभर सिंथेटिक कापड हाताळून बायकांची बोटं भेगाळलेली, आणि भेगाळलेलं बोट सॅटिनवर फिरलं की धागा ओढला जातो, लांब रेघ उठते. हातमोजे घालून पाहिले, तर लेसच बोटाला कळेना.

"हात मी करून देते," जाऊ म्हणाली. "दहा दिवस दे."

"वेड लागलं का आक्का? सॅटिनवर तेल? एक थेंब पडला तर साडी गेली."

"तेल अंगात जिरायला लावतात, वर मिरवायला नाही. आणि फाटक्या हातांनी काय लावणार, लेस का भेगा?"

मी आठ दिवस मागितले. ती म्हणाली, "कातडीशी भाव चालत नाही." शेवटी दहा दिवस, पण माझ्या अटींवर : तेल सकाळीच, नंतर हात पिठाने दोनदा धुवायचे, आणि पांढऱ्या फडक्यावर घासून दाखवायचे. फडक्यावर डाग दिसला की त्या बाईने साडीला हात लावायचा नाही. मी स्वतः मात्र रांगेत बसले नाही. मालकिणीने पाय पसरून जावेपुढे बसायचं? मला नाही जमलं.

रोज सकाळी ती सॅटिनचा तुकडा एकेकीच्या तळव्यावरून ओढायची. चौथ्या दिवशी अजून खर्र वाजत होतं. आठव्या दिवशी तुकडा पाण्यासारखा निसटला. बायका एकमेकींचे गाल चाचपून हसत होत्या. मला हसू येत नव्हतं. शनिवार डोक्यावर होता.

आणि शनिवारीच एकीच्या मुलाला ताप. तीन साड्या राहिलेल्या, शेठ तासाभरात येणार. मीच बसले. पहिल्याच टाक्याला माझं बोट अडकलं. मी उठले, दाराआड माझ्या मुलीची क्रीमची गुलाबी डबी होती, त्यातली बोटभर हातांना चोळली, पदराला पुसली आणि परत बसले. कुणाला दिसलं नाही.

शेठ आला. खिडकीपाशी उभा राहून एकेक साडी उलगडत गेला. खोलीत शिलाईयंत्रं बंद. एकाही साडीवर रेघ नव्हती. शेवटून दुसरी साडी उलगडली आणि तो थांबला. काठाजवळ अंगठ्याएवढा तेलकट डाग.

"बेन, आ डाघ कोनो?"

माझ्या डोक्यात जाळ उठला. मी जावेकडे वळले. "सांगितलं होतं ना! तुमच्या तेलाने बुडवलंत मला, आक्का!" कोपऱ्यातला तिचा तेलाचा डबा उचलला आणि दारातून गटारात फेकला. सगळ्यांसमोर.

तिने शेठच्या हातून साडी घेतली, डाग नाकाशी नेला, डोळे मिटले. मग उघडले, आणि माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहिलं. नंतर शेठला तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "गलती मेरी. तेल मेरा. पण ह्या बायांचे हात बघो."

शेठने एकीच्या तळव्यावरून सॅटिन फिरवलं, दुसरीच्या फिरवलं. काम दिलं त्याने. अट एकच घातली : ही तेलवाली बाई या खोलीत नको. मी, जी एका रुपयासाठी तासभर भांडते, त्या अटीवर एक शब्द बोलले नाही. रविवारी सकाळच्या बसने ती गावी गेली. संक्रांतीला अजून तीन आठवडे होते.

दुपारी ती साडी धुवायला घेतली, आणि डागाला गुलाबाचा वास आला. तिळाच्या तेलाला गुलाबाचा वास येत नाही.

माझी तक्रार हीच. माझ्याशी एका शब्दाची घासाघीस न करता तिने तो सौदा करून टाकला. फोनवर विषय काढला की, "तूप खातेस का?" म्हणून ठेवून द्यायची. सुरतेला या म्हटलं की गुडघे पुढे करायची. चार वर्षं अशी गेली. या दिवाळीत मी शेठला सांगितलं, ती माझ्या खोलीत बसेल, नाहीतर लेस दुसरीकडे लावून घ्या. तो म्हणाला, कोण बाई? त्याच्या लक्षातही नव्हतं. मग मी स्वतः गावी जाऊन तिला घेऊन आले.

पहिल्याच सकाळी तिने आपल्या पिशवीतलं तेल काढलं, वाटी गरम पाण्यात ठेवली. मी तिच्यासमोर पाय पसरून बसले, पहिल्यांदाच. ती टाचेला तेल लावत असताना म्हणाले, "आक्का, तो डाग माझा होता."

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. "दुसरा पाय दे."

तेवढ्यात मला वास आला. तेल खवट होतं, चांगलं महिन्या-दोन महिन्यांचं खवट. मी तिच्याकडे पाहिलं. ती मन लावून अंगठा फिरवत होती. दुकानातून एका थेंबावर उठून जाणारी ती बाई!

"आक्का, हे तेल मेलेलं आहे."

तिचा हात थांबला. तिने वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले, पुन्हा एकदा हुंगून वाटी खाली ठेवली. "दोन वर्षं झाली," म्हणाली, "कशाचा वासच येत नाही. रोज लावत होते मी हे. गावात कुणी सांगितलंच नाही."

दुकान उघडताच आम्ही दोघी तेल घ्यायला गेलो. दुकानदाराने डबा पुढे केला. तिने थेंब बोटावर घेतला, सवयीने नाकापर्यंत नेला, आणि मग ते बोट माझ्यासमोर धरलं.

"धाकली, तू सांग."