तीन उपासांची पुडी

खराडीच्या ऑफिसात गेली बारा वर्षं मी सूर्य फक्त लॅपटॉपच्या वॉलपेपरवर पाहिला. हाडं अशी झाली होती की शिंक आली की आधी बरगड्या मोजून घ्यायचो. आणि अशा हाडांवर, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मी ढोलपथकात नाव घातलं. यंदाच्या गणपतीत ढोल कमरेला बांधायचाच होता. पहिल्याच सरावात कंबर अशी कडाडली की शेजारच्या ताशावाल्याने ताल बदलला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व तळाला. दुधातून घ्यायची पुडी लिहून दिली, आठवड्यातून एकदा. चिठ्ठीचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि तिथेच घोळ झाला.

आमच्या घरात आठवड्यातून एकदा म्हणजे उपासाचा वार. आईचा सोमवार, बायकोचा गुरुवार, माझा शनिवार. मी विसरभोळा, म्हणून आई सोमवारच्या दुधात गुपचूप पुडी घालू लागली. बायको गुरुवारच्या. शनिवारी मी माझी आठवणीने घ्यायचो आणि स्वतःचं कौतुकही करायचो.

महिनाभराने सारखी तहान लागू लागली. खडकवासला धरणाची पातळी त्या आठवड्यात उतरली ती माझ्यामुळे, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पोट कुलूपबंद. मळमळ इतकी की रविवारी समोर आलेली मिसळ मी बाजूला सारली. आईने लगेच कपाळाला हात लावून पाहिला.

तिघं डॉक्टरांकडे गेलो.

"पुडी कोण देतं?"

"मी," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "छान. द्यायला तिघं आणि गिळायला एकटे हे."

"जास्तीचं लघवीवाटे जातं ना, डॉक्टर?" आईने विचारलं.

"ते दुसऱ्या जीवनसत्त्वांचं, आजी. हे अंगात साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढवतं, मग मूत्रपिंडांना त्रास."

"आणि ढोल?" मी विचारलं.

"आधी रिपोर्ट. मग ढोल."

कॅल्शियम वर गेलं होतं. थोडंच, पण बायकोने रिक्षात रिपोर्ट तीनदा वाचला. पुड्या बंद, बायकोने आपल्या मनाने वर चालू केलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही बंद. आईने तांदळाच्या डब्यामागून उरलेल्या पुड्या काढून डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या, चोरीचा माल परत करावा तशा. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. कॅल्शियम जागेवर आलं होतं.

"लवकर आलात म्हणून," डॉक्टर म्हणाले. "आता तपासल्याशिवाय एक कणही नाही. पुढे लागलंच तर मी सांगेन, आणि घ्यायचं तुम्ही. एकट्याने. ढोल बांधा, पण बेताने."

आता ऑफिसात चहाच्या सुट्टीत मी बाहेर उन्हात उभा राहतो. टीमला वाटतं, मी सिगारेट ओढायला लागलो.

शनिवारी सरावाला निघताना आईने दुधाचा पेला पुढे केला. मी पेला हलवून तळाशी काही बसलंय का ते पाहिलं.

"नुसतं दूध आहे," ती म्हणाली. "सुनेसमोर ओतलंय."

आतून बायको म्हणाली, "अहो, प्या. मी साक्षीदार आहे."

मी एका दमात पेला संपवला आणि ढोल खांद्यावर घेतला. कंबर काही बोलली नाही.