कपाटामागची फट

प्रत्येक जीवाला आपली वाट आपणच शोधावी लागते. नव्वदच्या दशकात जयनगरच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मला हे ऐकवलं, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला की ते अजून आठवतं, कारण तेव्हा त्यांचा पंधरा वर्षांचा कुत्रा त्याच वासाचं लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत तोंड घालून तासभर उभा होता. पुढे वाट नव्हती, आणि मागे सरता येतं हे त्याचा म्हातारा मेंदू विसरला होता. साहेबांनी दोनदा "बॅक" असा हुकूम दिला, मग म्हणाले, "डॉक्टर, इंजेक्शन देऊन मोकळा करा याला." मी नवखा पशुवैद्य होतो आणि साहेब दार अडवून उभे होते, म्हणून मी बॅग उघडली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी कानडी वळणाने म्हणाल्या, "स्वल्प थांबा. रिटायर झाल्यावर हेसुद्धा तीन महिने भिंतीकडे बघत बसले होते. यांना कुणी इंजेक्शन दिलं नाही." साहेब दारातून बाजूला झाले. मी कुत्र्याला कमरेला धरून मागे घेतलं आणि फट बुजवायला काहीतरी जड मागितलं. बाईंनी साहेबांना निरोप समारंभात मिळालेली सागवानी ढाल आणून दिली. कुत्रा पुढे दीड वर्ष जगला. हल्ली मीही स्वयंपाकघरात जातो आणि कशाला आलो ते विसरून उभा राहतो. मला ढाल मिळालेली नाही.