परवान्याची शेवटची तारीख

सौदीतल्या राबिघजवळच्या आमच्या कारखान्यात समुद्राचं पाणी गोडं व्हायचं आणि जोडीला वीज तयार व्हायची. सरकारी परवान्याशिवाय त्यातलं एक युनिटही विकता येत नसे. परवाना वीस वर्षांचा, आणि त्याच्या नूतनीकरणाची फाइल माझ्याकडे. इंधन किती जाळलं, समुद्रात परत सोडलेलं पाणी किती गरम होतं, किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या तक्रारींचं काय केलं, सगळं त्यात. मी रत्नागिरीचा, खाडीकाठचा. कोळ्यांची बाजू जरा जास्तच मनावर घेऊन लिहायचो आणि मॅनेजर ती तितक्याच मनापासून खोडायचा.

नोकऱ्या सौदींना देण्याची मोहीम तेव्हा जोरात होती. माझ्या जागेसाठीही एक सौदी इंजिनिअर आला. हसरा, रोज उशिरा येणारा, कहवा घेतल्याशिवाय कागदाला हात न लावणारा. तो तयार झाला की माझा इकामा, म्हणजे सौदीत राहण्याची परवानगी, खलास. मुलगी तिथल्याच भारतीय शाळेत दहावीला होती. मार्चमधली तिची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत मला कसंही करून टिकायचं होतं, म्हणून त्याला शिकवताना मी जमेल तेवढी टाळाटाळ केली. लाज वाटायची, तरी केली. मुलीच्या परीक्षेची काळजी मात्र एकदा त्याच्याचजवळ बोलून बसलो होतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी त्याने आत येऊन दार लावून घेतलं.

"उस्ताद, परवाना जूनमध्ये संपतो असं लिहिलंय. कसं मोजलंत?"

"दिल्या तारखेपासून वीस वर्षं."

"अरबी पान बघा. ही वर्षं हिजरी आहेत."

मी अरबी पान काढलं. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान, म्हणजे विसांत सात महिन्यांचा फरक. मुदत तीन आठवड्यांतच संपत होती. रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो हे जन्मभर पाहिलेला मी, ऑफिसात मात्र इंग्रजी भाषांतर वाचून इंग्रजी कॅलेंडरावर मोजत बसलो होतो! "इतकी वर्षं रोजे धरलेत, आणि एवढं कळलं नाय तुम्हाला?" घरी बायको म्हणाली, आणि चक्क हसली.

तो थेट मॅनेजरकडे गेला असता, तर माझी खुर्ची त्याच दिवशी त्याची झाली असती. तो गेला नाही. "यल्ला, लागू या कामाला," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो माझ्याही आधी ऑफिसात हजर असायचा. कोळ्यांकडे स्वतः जाऊन आला, आकडे तपासले, अरबी मसुदा तर सगळा त्यानेच लिहिला. फार गुणी माणूस होता, आणि मला तो मनापासून आवडायला लागला होता. मुदत संपायला चार दिवस असताना अर्ज पोचला.

मग मला राहवेना. त्याला बरोबर घेऊन मॅनेजरसमोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं, चूक माझी होती, पकडली याने.

मॅनेजरने अर्जाची प्रत चाळली. मग त्याला म्हणाला, "हे काम तुला आता एकट्याला जमेल?"

सगळा अर्ज त्यानेच तर केला होता. तो खाली बघत म्हणाला, "आत्ता नाही, साहेब. मार्च संपला की जमेल."

मार्चच का, हे मॅनेजरने विचारलं नाही. मला मात्र मान वर करवेना.