सोमवारच्या आमटीचं मीठ

मंडळी, कालपासून आमच्या मालवणच्या खानावळीत अबोला चालू होता. माझा आणि आमच्या ह्यांचा.

झालं काय, काल हे म्हणाले, "सोमवारी तरी बंद ठेव गो, जरा नुसती बस." मला वाटलं, माझ्या कामाची ह्यांना किंमतच नाही. मी बोलणंच टाकलं.

आज सकाळी उठावंसंही वाटेना. मोबाईलवर आलेले सुविचार वाचले, काडीचा उपयोग झाला नाही. पाहुण्यांचं जेवण आधीच सांगून ठेवलेलं, म्हणून उठले.

माझा सोमवारचा उपास. त्यामुळे त्या दिवशी माशाच्या आमटीची चव हेच बघतात. पण आज विचारणार कोण? मी आपलं अंदाजाने मीठ घातलं.

थोड्या वेळाने हे आत आले, तळहातावर आमटी घेऊन चाखली आणि ओरडले, "अगो, खारट कशी झाली? मगाशी अळणी लागली म्हणान मी मीठ घातलंय!"

"अहो, मगे मी पण घातलंय!"

पाहुण्यांची गाडी दारात! हे विळीवर नारळ खवायला बसले, मी भराभर वाटण लावलं. दोघांनाही हसू आवरेना. रस वाढला, खारटपणा गेला.

जेवताना एका बाईंनी विचारलं, "आमटी कोणी केली हो?"

हे म्हणाले, "मीठ दोघांचं, बाकी सगळं हिचं."

तर, पुढच्या सोमवारी खानावळ बंद. नुसतं बसून काय करतात, कोणाला माहीत असेल तर सांगा.