कुरड्यांवरचा दगड

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी अन् बायकोनं मिळून शेवटच्या कुरड्या घातल्या. गच्चीवर तिचं जुनं लुगडं अंथरलं. ती सोऱ्या दाबत गेली, मी कोपऱ्यांवर दगड ठेवत गेलो. तीन साधे, चौथा शिशाचा. नागपूरच्या वाऱ्याले तोच आवरायचा.

तो ऑफिसातला. दगड तपासायचं सरकारी ऑफिस. मी तिथं पेट्या उचलायचो. जमिनीत खोल भोक पाडून काढलेले चुनखडीचे दांडे यायचे, उभे चिरलेले, पांढऱ्यात शिसं चमकायचं. त्यावरून दोन मोठे साहेब वर्षानुवर्षं भांडले. एक म्हणे, समुद्राच्या तळाशी चुना साचला तेव्हाच शिसं-जस्तही साचलं. दुसरा म्हणे, चुन्याचा आधी दगड झाला, तो फुटला, मग गरम खारं पाणी भेगांत चढलं अन् शिसं ठेवून गेलं. चहा गार व्हायचा, निकाल काही लागत नव्हता. घरी सांगितलं तर ती म्हणाली, "दोघांपैकी कोणी होतं काय जी तिथं?"

एवढे शहाणे, पण वर रंगानं लिहिलेला नंबर पुसला की दगड बाद. कोणत्या भोकातला कळत नाही म्हणून फेकला उकिरड्यावर. तिथून मी हा उचलला. एका अंगानं सपाट, गडगडत नाही.

कुरड्या घालून ती खाली आली, पाणी प्याली, आडवी झाली. दवाखान्यात न्यायलाही तिनं वेळ दिला नाही. संध्याकाळी आम्ही घाटावरून परतलो.

तो दुसरा साहेब भेटायला आला. घरात बायामाणसं बसलेली, म्हणून त्याले गच्चीवर नेलं. दुःखाचे दोन शब्द बोलता बोलताच तो वाकला अन् दगड उचलला. म्हणे, चुनखडीचे तुकडे झालेत आणि शिसं त्यांच्याभोवती भरलंय. म्हणजे फुटणं आधी, शिसं मागून. ऑफिसात नेतो म्हणाला. तिची राखही निवली नव्हती, अन् याले भांडण जिंकायचं होतं.

"पत्ता नाही म्हणून तुम्हीच फेकला न साहेब? आता त्याले पत्ता हाये. ठेवा खाली."

तेवढ्यात लुगड्याचा कोपरा उडाला होता. त्यानं दगड परत कोपऱ्यावर ठेवला.

खाली भावजय सांगून राहिली होती, सुतकातलं खात नसतात, कुरड्या फेकून द्या. चांगल्या हातानं घातलेल्या कुरड्या, यांच्या अकलेनं बाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी गच्चीवर गेलो. कुरड्या खालून ओल्याच होत्या. एकेक उलटवली, लुगडं ताणलं अन् कोपऱ्यावर दगड ठेवला.